नेलपॉलिशचा ठिपका

इनामगाव

प्रिय प्रांजल,

तुझं मोटारीचं यंत्र बंद पडलंय. फोनवरही सांगता आलं असतं. पण तू लगेच विचारलं असतंस, आबांनी बोलावलंय का, आणि मी अडखळले असते. कागदावर जरा दम खात बोलता येतं. हल्ली बसल्या जागीसुद्धा दमायला होतं गं.

लाइट सारखी ये-जा करत होती. त्यात केव्हातरी नदीवरून रेडिओनं कॉम्प्युटरवर येणारी ‘आबा, मोटार चालू’ ही तुझी ओळ यायची थांबली. नदीवरची मोटार पाणी ओढतेय की नाही, ते घरबसल्या कळेना. तेव्हापासून आबा दुखरा गुडघा घेऊन सकाळ-संध्याकाळ नदीवर जातात. शिरूरचा दुकानदार म्हणाला, हे रेडिओचं खेळणं काढा, मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवून देतो. आबांनी त्याला ओट्यावरूनच वाटेला लावलं. “जिनं जोडलंय तिलाच त्यातलं ठावं. न्हाईतर ऱ्हाऊ द्या बंद.” बापाचं न ऐकता सुदर्शनशी लग्न करून तू कारेगावला गेलीस, तेव्हापासून तुझं नाव त्यांच्या तोंडी नाही. नुसतंच ‘जिनं’.

मग मीच बसले. दौंडला कॉन्व्हेंट शाळेत लोकर गुंतली की सिस्टर कात्री हातात घेऊ द्यायच्या नाहीत, टोक शोध म्हणायच्या. तसं टोक शोधत गेले. आधी स्क्रीन नुसता काळा. पुसापुशीत केबल दुसऱ्या भोकात गेली होती आणि कॉम्प्युटर जुन्याच पोर्टवर कान लावून बसला होता. ते बदललं, तर चौकोन आणि प्रश्नचिन्हांचा चिवडा. रेडिओ एका वेगानं बोलत होता, हा दुसऱ्याच वेगानं ऐकत होता. तू रेडिओच्या डबीवर लिहून चिकटवलेला ९६०० हा वेगाचा आकडा घातला आणि ओळ उमटली. आबा चष्मा लावून समोर उभे राहिले. ओळ एवढीशी, पण त्यांना वाचायला बराच वेळ लागला. “व्हय, आली की,” म्हणाले आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी स्क्रीन पुन्हा रिकामा. कंटाळा आला होता, तरी तू शिकवलं होतंस तसं केलं. कॉम्प्युटरकडच्या वायरी काढल्या, तिथली बोलायची आणि ऐकायची टोकं एकमेकांना जोडली आणि तुझं नाव टाइप केलं. तुझं नाव परत आलं. म्हणजे कॉम्प्युटर धड होता. खरं सांगू, त्यानंतरही मी ते उगाचच पुन्हा पुन्हा टाइप करत बसले.

मग रेडिओकडची टोकं पाहिली. त्याच्या बोलायच्या जागी कुठली वायर जाते ते चुकू नये म्हणून तू त्या जागेवर आणि तिच्या वायरीवर माझ्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होतेस. ठिपक्याची वायर शेजारच्या जागी होती. वाटलं, मीच चुकून लावली असेल. नीट लावली, ओळ आली. मी बाजारातून येईपर्यंत पुन्हा अदलाबदल.

या वेळी मात्र वायरी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या होत्या, ओढून तुटू नयेत म्हणून. ॲस्टरच्या फुलांच्या गड्डीला मारतात तशी गाठ, आणि तीही डावखुरी. आपल्या घरात डावखुरं कोण, ते तुला सांगायला नको.

ती गाठ मी सोडवलेली नाही. काल जेवताना आबा ताटाकडे बघतच म्हणाले, “कॉन्व्हेंटात शिकलीस, तरी तुला जमंना. आता पोरीला कळवावंच लागंल.” मी म्हटलं, हो, मला नाही बाई जमत. आत्ताही गुडघा चोळत नदीकडेच गेलेत. तर प्रांजल, यंत्र बिघडलंय. रविवारी ये. सुदर्शनलाही आण. आणि आल्या आल्या वायर बदलू नकोस; बिघाड सापडायला जरा वेळ लागू दे.

तुझीच,
काही न जमणारी आई