लेकुरवाळीच्या बाळाचं तोंड

ड्युसेलडॉर्फ,
९ मार्च २०२५

अक्का,

श्रीधर पाया पडतो. तुझा गुडघा आता कसा आहे? इकडे शैला, ओवी बऱ्या आहेत. थंडी ओसरते आहे.

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी ओवीच्या शाळेच्या कामासाठी तिला संग्रहालयात नेलं. एका दालनात शिरलो आणि मी बूट काढले. रखवालदार धावत आला. ओवी कुजबुजली, "पापा, पाइनलिश!" तिला माझी लाज वाटली. माझं लक्षच नव्हतं. समोर आपल्या देवळातली लेकुरवाळी उभी होती.

आपण तिला तेलाच्या थराखालीच पाहिलं गं. कमरेचा बाक, नेसूच्या चुण्या, आणि कडेवरच्या बाळाची मूठ तिच्या हारात अडकलेली! बाबांच्या हाताखाली इतकी वर्षं तिला फुलं वाहिली, पण ती मूठ मला कधी दिसली नव्हती. हात आपोआप जोडले गेले.

पाटीवर लिहिलंय : मूळ ठिकाण अज्ञात. बाळाचा चेहरा कुणी मुद्दाम फोडलेला.

फोडलेला! गावातल्या प्रत्येक लेकराच्या उष्टावणाला पहिला घास त्या बाळाच्या ओठांना लागायचा. तुझ्या-माझ्याही. किती पिढ्यांच्या आयांची बोटं फिरली असतील, की दगडाचं तोंड विरून गेलं! मी हे रखवालदाराला सांगितलं. "आख सो!", म्हणजे 'असं होय!', म्हणत तो स्वतःच वाकून बघायला लागला. म्हणाला, "हे ऑफिसात लिहून द्या."

लिहायचं म्हणजे सगळंच लिहायचं. ती भंगली म्हणून बाबांनी नदीत सोडली, असं गाव अजून मानतं. जीप आली त्या दुपारी तिच्याभोवती गोणपाट तू शिवलंस, दोर मी आवळला. त्या पैशांवर पुढच्याच महिन्यात माझं पुण्याचं कॉलेज सुरू झालं. इतकी वर्षं आपण त्यावर कधी बोललो नाही.

परवा फोनवर मी लिहून देणार म्हटल्यावर तू म्हणालीस, "मेलेल्या बापाला चावडीवर उभं करतोस होय रे?" त्यांनी ते माझ्यासाठी केलं, हे मी विसरलेलो नाही. पण तुझी अवनी उष्टावणाला बाळाला घेऊन देवळात गेली, तेव्हा तिनं घास रिकाम्या कोनाड्याला लावला. तूच सांगितलंस.

काल संग्रहालयाच्या ऑफिसात पत्र दिलं. पोच घेतली. तुझं नाव त्यात नाही. गावाला कळण्याआधी तुला कळावं, म्हणून हे लिहिलं. खाली सही पूर्ण नावानं केली, मध्ये बाबांचं नाव येतं तशी.

तुझा,
श्रीधर गणपत गुरव