सर्वांना एकच पदक

१० नोव्हेंबर
गणपतीनंतर इथे एक ओळ नाही. क्षमस्व. (कोणाची मागतोय? वाचणारा मीच.) सगळा वेळ 'गिरणगाव कोश' या आमच्या वेबसाइटने खाल्ला. कोणीही लिहावं, फुकट लिहावं. आज आमची सभासद दीपिका हिने ती राहते त्या नायगावच्या बीडीडी चाळीवर लेख टाकला. अप्रतिम. एकाही सभासदाने थँक्यू म्हटलं नाही. शिसारी आली. मीही म्हटलं नाही, पण मी विचार करत होतो. शाल-नारळ नको, ओंगळ प्रकार. काहीतरी स्वच्छ हवं.

१२ नोव्हेंबर
एकटीचं कौतुक म्हणजे वशिला. म्हणून 'कोशमित्र' पदक सर्व सभासदांना, एकाच क्लिकमध्ये. निःपक्षपाती. मनाला बरं वाटलं. जरा जास्तच. का, ते तपासायला हवं.

१३ नोव्हेंबर, सकाळी
घात. सभासदांत राकेश नावाचा फ्लॅटचा दलाल निघाला. त्याने परवा दीपिकाचा लेख पुसून तिथे करी रोडच्या टॉवरची जाहिरात चिकटवली. त्यालाही माझं पदक, 'मोलाच्या योगदानाबद्दल'. वर त्याने हात जोडल्याचे इमोजी पाठवले. किळस!
दीपिकाचा मेसेज : "सर, पदक राहू द्या. लेख तेवढा परत आणा ना. सोमवारी चाळ रिकामी करतोय. त्याआधी आईला सगळ्या शेजाऱ्यांना दाखवायचाय."
पुसलेलं परत आणायचा अधिकार फक्त मला. आणणारच. पण आधी तिची खास दखल घ्यायला हवी, नाहीतर नुसती भरपाई दिल्यासारखं दिसेल.

१५ नोव्हेंबर
मुखपृष्ठासाठी दीपिकावर गौरवलेख. चौथा खर्डा. बायको, मृणालिनी, म्हणाली, "अरे रघू, बटण आहे ना? मग दाब की!" तिला प्रक्रिया कळत नाही. गौरवाआधी सत्कारमूर्तीचं काम करून देणं हाही वशिलाच.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी गौरव झळकला. दीपिकाचा मोठा फोटो, खाली 'लेख वाचा'. दाबलं की राकेशचा टू बीएचके. तिच्या आईने हौसेने चाळीच्या गॅलरीत फोन फिरवला. शेजारचे भिवाकाका म्हणाले म्हणे, "काय गं, आम्ही अजून निघालोही नाही आणि तुझी पोरगी दलालीत शिरली?"
दीपिकाने कळवलं, "सर, सत्कार पोचला. मी माझं खातं बंद केलंय."

त्याच दिवशी, संध्याकाळी
बटण दाबलं. लेख लगेच आला. लेखिकेच्या नावाच्या जागी आता 'माजी सभासद' एवढंच दिसतं. चाळ दुपारीच रिकामी झाली. स्वतःची किळस येते. पण त्यातच रुतून बसणं हाही अहंकार.

उद्या : माजी सभासदांसाठी वेगळं पदक तयार करणे.