मानलेली बहीण

बीड, ऑगस्ट १९९८

प्रिय दादा,

आधी सांगून टाकते, तब्येत बरी आहे आणि मेसची आमटी अजून पातळच आहे. नाहीतर माझं पत्र आलं की तू पाकीट फोडायच्या आधीच घाबरतोस. पण हे पत्र अप्पांसमोर गल्ल्यावर वाचू नकोस. मागे, पोत्यांच्या आडोशाला जा.

आमच्या वर्गात अंगद म्हणून एक मुलगा आहे. वडील तेलगावकडचे पुढारी. कॉलेज उघडल्यापासून माझ्या मागे होता. मी दोनदा तोंडावर नाही म्हटलं. मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या जिन्यात त्याने वाट अडवली, हात पिरगळला आणि मला जवळ ओढलं. मी त्याला चावले, दादा. सुटले आणि हॉस्टेलवर येऊन आतून कडी घातली. अजून मी तो जिना टाळून लांबून वळसा घालून जाते. तुझं डोकं फिरलं असेल, पण त्याला हात लावू नकोस. मग सगळे तुमच्या मारामारीचंच बोलतील आणि माझं राहून जाईल.

दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अशा तक्रारींसाठी समिती नेमायचं ठरलंय, तशी आमच्याकडेही नेमली. अध्यक्ष बाईच हवी म्हणून आमच्या प्राध्यापिका सत्यभामाबाईंना बसवलं. पहिली तक्रार माझीच. मला वाटलं, चौकशी होईल. तर पहिल्याच बैठकीत प्राचार्यांनी बंकट शिपायाला बाजारात पिटाळून तळहाताएवढी स्पंजची राखी आणवली. पेढ्यांचा पुडाही तयार. अंगदचे चुलते म्हणाले, "बांध गं पोरी. एकदा भाऊ झाला की कशाला वाकडं बघंल? लई चांगल्या घरचं पोरगं हाय." अंगद मनगट पुढे करून हसत होता. तेवढ्यात सत्यभामाबाईंनी विचारलं, "तुला हे मान्य आहे का?" एवढ्या माणसांत हे विचारणाऱ्या त्या एकट्याच. मी नाही म्हटलं. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू गुन्हा मीच केलाय. आता सोमवारी पालकांना घेऊन ये म्हणतात.

अप्पा आले तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. ते हात जोडतील, मला राखी बांधायला लावतील आणि माझी ट्रंक उचलून घरी, धारूरला जाणारी गाडी पकडतील. बी.एस्सी.चं एकच वर्ष उरलंय रे.

तू कॉलेजात असताना तिथल्या विजयमालाने तुला अशीच राखी बांधली होती ना? घरी ती गोष्ट गंमत म्हणून सांगतात. "आमच्या मृत्युंजयला कॉलेजनं बहीण दिली," म्हणून अप्पा हसतात आणि तू दर वेळी उठून दुकानात जातोस. नारायणगडच्या जत्रेत ती दिसली होती, आठवतं? कडेवर मूल होतं. तुला पाहिलं आणि पदर ओढून दर्शनाची रांग सोडून गेली. तूही नारळ न फोडताच परत निघालास. माझं पाळण्यात बसणं राहिलं म्हणून मी रस्ताभर तुझ्याशी भांडले. त्या राखीनंतर महिन्याभरात तिचं कॉलेज सुटलं, हे आई एकदा बोलता बोलता बोलून गेली. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. आता सारखी ती रांग डोळ्यांसमोर येते. तू तिला काय केलं होतंस, हे मी विचारत नाही. मला भीती वाटते, कारण तू माझा दादा आहेस आणि मला तू हवा आहेस.

म्हणून अप्पांना नाही, तुला लिहिते. सोमवारी तू ये. समितीसमोर बस आणि राखी बांधल्यावर त्या मुलीचं काय झालं ते सांग. तिचं नाव घेऊ नकोस, स्वतःचं घे. माझं कोणी ऐकत नाही, पण ज्याच्या मनगटावर ती राखी होती त्याचं ऐकतील. तुझ्याच्याने होणार नसेल तर तसं कळव. तुला ओढून आणणार नाही मी. आणि या वर्षी राखी पोस्टाने पाठवलेली नाही. रेशमाची, साधीच घेतली आहे, माझ्या ट्रंकेत आहे. ती बांधायची की नाही, ते सोमवारनंतर मी ठरवीन.

वाट बघतेय.

तुझीच,
वर्षाराणी