उजेडासमोर धरलेला पत्रा

सर, आज तुमच्यावर रागावूनच लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण मिळालेला आकडा पुन्हा तपासायची ही एक खोड माझ्या अंगात ठेवून गेलात. माझी एक विद्यार्थिनी आहे, मंडणगडकडची. तिला या महिन्यात प्रबंध द्यायचा आहे आणि त्यातल्या निकालावरच तिला बंगळूरला जागा मिळाली आहे. काचेवरच्या पातळ थरावर ती उजेड टाकते आणि त्यातून निघणारा अगदी किरकोळ करंट मोजते. काल ती जेवायला गेली असताना मी सहज तुम्ही दिलेला काळा पत्रा उजेडासमोर धरला. उजेड अडला तरी आकडा हललाच नाही. म्हणजे आम्ही मोजत होतो तो करंट उजेडाचा नव्हताच.

तुम्ही पहिल्यांदा मला लॉक-इन ॲम्प्लिफायरसमोर बसवलंत तो दिवस आठवतो. बाहेर कातळ तापलेला, आत खाऱ्या हवेनं गंजलेले स्क्रू, आणि काटा नुसता थरथरतोय. तुम्ही उजेडाच्या वाटेत खाचांची चकती फिरवता. उजेड तुटक तुटक पडायला लागतो आणि चकतीचा ठेका वेगळ्या वायरीनं यंत्राला कळतो. मग त्या ठेक्यावर येईल तेवढंच यंत्र उचलतं, बाकीचा गोंगाट सोडून देतं. आपण ठेक्याशी फेज जुळवायची, टाइम कॉन्स्टंट वाढवून यंत्राला जास्त वेळ सरासरी घेऊ द्यायची आणि काटा बसेपर्यंत गप्प राहायचं. माझा काटा छान बसला, मी खूश होऊन वही उघडली आणि तुम्ही सगळ्यांसमोर खेकसलात, "काय गो, उजेड अडवून बघितलंस? की मिळालं म्हणून घेतलंस?" घरी जाऊन रडले होते मी. पुढे नोकरी लागली तेव्हा तुम्ही पेढेबिढे काही दिले नाहीत, तेलाच्या डब्याचा कापलेला, काळा रंगवलेला पत्रा हातात ठेवलात. तोच हा.

पोरीनं तपासलं नव्हतं असं नाही हो. ती चकती बंद करून बघायची, आकडा शून्यावर यायचा आणि आम्ही दोघी निश्चिंत. पण चकती थांबली की ठेकाही थांबतो, मग यंत्र उचलणार काय? चकती फिरती ठेवूनच उजेड अडवायला हवा होता. त्यात तिनं ठेक्याची वायर आणि करंटची वायर एकत्र करून फितीनं बांधल्या होत्या. एकीतला ठेका दुसरीत झिरपत होता आणि यंत्र तोच मोजत बसलं होतं. त्या नीटनेटकेपणाचं मी कौतुक केलं होतं.

आज सकाळी तिला सांगितलं. तिनं फीत सोडली, वायरी लांब केल्या. आकडा घसरत घसरत पार तळाला गेला.

"मॅडम, यात माझं काही उरलंय का?"

टाइम कॉन्स्टंट वाढवून आम्ही संध्याकाळपर्यंत बघत बसलो. काहीतरी आहे असं वाटतं, आणि लगेच नाही असंही वाटतं. बंगळूरला आपणच कळवते म्हणाली. जाताना तिनं जेवणाचा डबा तसाच, न उघडता पिशवीत टाकला, ते बघवलं नाही मला.

हे तुम्हाला पोचणार नाही, मी पाकीटही आणलेलं नाही. तिला सांगायच्या आधी मी मनात तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही "सांग गो" म्हणालात. अगदी स्पष्ट ऐकलं. पण सर, तुमचा आवाज मी विचारते तेव्हाच येतो, आणि मला पाठ असलेलीच वाक्यं बोलतो. तो खरंच तुमचा की माझाच, हे तिथे पत्रा धरून बघायचं माझं धाडस अजून झालेलं नाही.