रस्त्याकडचा धुरा

बाबा, तुमच्याशी भांडायचं आहे. भांडायला तुम्ही नाही, म्हणून लिहून राहिले.

तुम्ही समुद्र कधी पाहिला नाही. मी आता त्याच्याच काठी नोकरी करते, तिकडे कोकणात. शेतातली माती वाहून जाऊ नये, एवढंच माझं काम. "मातीचा पगार देते का सरकार?" असं तुम्ही विचारलंच असतं. देते, बाबा. तिथं समुद्राच्या तळाशी पोवळं आहे. दिसायला दगड, पण जितं. बारीक बारीक जीव एकमेकांना धरून ते घर बांधतात आणि त्याच्या सांदीत मासे पिल्लं वाढवतात. त्याला उजेड लागतो. पावसाळ्यात उतारावरच्या भातशेतीतून लाल पाणी खाडीत येतं, खाडीतून समुद्रात जातं, आणि ती माती पोवळ्यावर जाऊन बसते. मी पाण्यात तोंड घालून पाहिलं आहे. एका जागी सगळं चुलीतल्या राखेसारखं झालं होतं, मासा एक नाही. मला फार वाईट वाटलं. 

दगडी बांध घालायला खर्च येतो, तो चार जागी होईल. बाकीच्या वावरांचं काय? सुटी संपवून परत गेले की तिथल्या शेतकऱ्यांसमोर बसायचं आहे. फुकटात करता येईल असं काहीतरी त्यांना सांगता आलं पाहिजे, नाहीतर उरलेलं पोवळंही जाईल. डोकं खाजवून थकले, तेव्हा तुमची भाताची शेतं, त्या पाण्यानं भरलेल्या बांध्या आठवल्या. मग भात रोवण्याच्या दिवसांत सुटी काढून सिहोऱ्याला घरी आले.

एक जुना दिवस डोळ्यांपुढे आला: मी लहान आहे, चिखलणी झाली आहे. रोवणाऱ्या बाया दोन बांध्यांमधल्या मातीच्या धुऱ्यावर बसून पान खात आहेत, आई कुरकुरते आहे, आणि तुम्ही कोणाला बांधीत पाय ठेवू देत नाही. पाणी जास्त आहे, फोडून द्या, असं सगळे म्हणतात. तुम्ही म्हणता, "माती बसू द्या पह्यले." मी मात्र गंमत म्हणून टाचेनं धुरा फोडते आणि गढूळ पाणी खालच्या तळ्याकडे, आपल्या बोडीकडे धावतं. तुम्ही हात उगारला नाही, पण ओरडले असे की बायांनी पान थुंकलं. "ते पानी नोहे बाई, वावर पळून राहिलं आपलं!"

ही गोष्ट तुमची पक्की होती. चिखलणीनंतर पाणी निवळू दिलं तर माती जागीच राहते. खर्च शून्य, थोडा धीर तेवढा लागतो. हे मी तिकडे सांगणारच आहे.

पण भांडण दुसऱ्या गोष्टीचं आहे. इथं येऊन मी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. मोठी सर येऊन गेली की प्रत्येक बांधीतून बाहेर पडणारं पाणी भरायचं आणि बाटल्या दारापुढच्या सपरीत ओळीनं ठेवायच्या. भाऊ म्हणाला, "इंजिनियर झाली आन् पानी मोजत बसली." शेजारचे काका अजून तुमच्यासारखाच धुरा छिलतात, फावड्यानं, गवत मुळासकट काढून, वरून चिखल थापून. भाऊ आळशी, त्यानं दोन धुरे तसेच झिपरे सोडलेले. बाटल्यांत माती खाली बसली तेव्हा काकांच्या बाटलीत थर जाड होता आणि आळशाच्या बाटलीत अगदी पातळ. दुसऱ्या सरीलाही तेच. भावाची मान जी वर गेली, ती अजून खाली आलेली नाही.

म्हणजे बाबा, चिखलणीचं पाणी अडवून तुम्ही माती राखत होते, आणि तीच माती धुरा छिलून सोडून देत होते? इतकं बारीक पाहणारा माणूस, हे कसं दिसलं नाही? की दिसलं होतं? गवतात उंदीर बीळ करतात, साप बसतो, हे मला ठाऊक आहे. त्याला तोड आहे. फावडं ठेवून विळा घ्यायचा, गवत वरून कापून म्हशीला टाकायचं, मुळं राहू द्यायची. पण तुम्ही ऐकलं असतं का? "धुरा पाहून मानूस समजते," म्हणायचे तुम्ही. सोयरीक पाहायला कोणाकडे गेले, तरी आधी वाटेवरचा त्यांचा धुरा पाहून यायचे.

भावानं विचारलं, "आपली माती जाते का तुह्या पोवळ्यावर?" नाही जात. आपली आधी बोडीत बसते आणि उरलेली वैनगंगेनं दुसऱ्याच समुद्राकडे जाते. "मंग मी कायले करू?" म्हणाला. बोडीसाठी कर म्हटलं, बोडी उथळ होऊन राहिली. तो बरा निघाला. यंदा त्यानं सगळे धुरे नुसते विळ्यानं कापले.

मग परवा काका रस्त्यानं जाता जाता थांबले. "काहून गा, फावडा चोरीले गेला का? बाप असता त पानी नसता पेला तुह्या हातचा." भाऊ हसला आणि म्हणाला, "बाई सायेब सांगून राहिली, मी का करू?" मला हसू आलं नाही. तुमचं नाव निघालं आणि मला आतून लागलं.

काल सकाळी भाऊ बाजाराला गेला तेव्हा मी फावडं घेतलं. रस्त्याकडचा धुरा, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतो तेवढाच, मुळासकट छिलला. वरून चिखल थापून हातानं गुळगुळीत केला, तुम्ही करायचे तसा. काका परतताना पाहून गेले.

उद्या निघायचं आहे. तिथं कोणी विचारेलच की बाई, लोक आळशी म्हणतील त्याचं काय? तुम्हाला विचारावं म्हणून बसले होते, पण हा कागद पिशवीतच राहणार.

आज संध्याकाळी जोराचा पाऊस आला. सगळ्या बांध्यांचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. रस्त्याकडच्या त्या धुऱ्याखालचं नाही आणलं.