जाऊबाईंचा नवस छापून आला

गंगाखेड, गुरुवार, कार्तिक, १९७४

टपालानं दिवाळी अंक आला, तीन रुपये. त्यात माझ्या भावाची, वसंताची गोष्ट. देवापुढं साखर ठेवून वाचायला बसले, तर गोष्टीत आमच्या जाऊबाईच!

जाऊबाईंनी मुलासाठी नवस बोलून चहा सोडलाय. पण गोठ्यात लपून पितात, तेही देवाच्या पंचपात्रीतून, तीर्थ घेतल्यासारखा. मीच हसत हसत सांगितलं होतं त्याला. तो म्हणायचा, "ताई, गोष्टीतली माणसं खऱ्यावरून घ्यावीत, नाव बदललं की झालं." नाव बदललं, गाव बदललं. पंचपात्री तीच!

सासूबाईंनी मोठ्यानं वाचायला लावलं. वाचताना मी पंचपात्रीची वाटी केली. तरी म्हणाल्या, "असली सून आमच्यात असती तर माहेरी धाडली असती म्या." जाऊबाई दारातच उभ्या, पांढऱ्याफटक.

वसंताला लगेच कार्ड लिहिलं: माझ्या तोंडचं आणखी काय काय टिपून ठेवलंस, उलट टपाली कळव.