बासष्ट श्वास

साहेब, परवा तुमचा लाडका परभणीला येऊन गेला. लाडका म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही, पण तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आता मला कोण रागावणार. जिंतूरच्या आपल्या दवाखान्यात वर्षभर तुमच्या हाताखाली राहिलेला तो सोनपेठचा नवा डॉक्टर आता मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजात प्रोफेसर आहे. अपघातात सापडलेल्या माणसांवर शस्त्रक्रिया करायची, मग अतिदक्षता विभागात तो माणूस स्वतःच्या श्वासावर येईपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही, आणि हे सगळं पोरांना शिकवायचं. असा स्वतंत्र विभागच आहे आणि हा त्याचा प्रमुख. त्याचं सगळं मला तोंडपाठ आहे. लेक्चरर कधी झाला, परदेशात दोन वर्षं काय शिकायला गेला, परत येऊन आठ खाटांवर विभाग कसा सुरू केला. एका जाड पुस्तकात त्यानं एक प्रकरण लिहिलंय, ते मी डिक्शनरी शेजारी ठेवून तीन महिन्यांत वाचलं. त्यातल्या एका आकृतीत सक्शन मशीनच्या बाटलीच्या दोन नळ्या उलट जोडल्यात. तशा जोडल्या तर बाटलीतली सगळी घाण मोटारीत जाईल. मी पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवलं आणि कुणाला बोललो नाही. त्या दिवशी मात्र दोन घास जास्त गेले.

मी अजून तोच आहे, पिंगळीचा. वडील गेले, दहावीला शाळा सुटली, जनरेटर दुरुस्त करायला म्हणून तुमच्याकडे आलो तो अकरा वर्षं राहिलो. आता परभणीत दुकान आहे. सक्शन मशीन, ऑपरेशनचे दिवे, निर्जंतुक करायची भांडी, दवाखान्यातलं जे बंद पडेल ते माझ्याकडे येतं. कुठल्या कोर्सला गेलो नाही. उघडायचं, बघायचं, परत लावायचं, असंच शिकलो. कंपनीचा इंजिनियर हात टेकतो तेव्हा मला फोन येतो. हे मिरवायला लिहीत नाही. म्हणजे, थोडं मिरवायलाच.

तुमच्याकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात झाडावरून पडलेला एक जण आणला होता. टेबलावर घ्यायला मदत म्हणून मी त्याचा हात धरून उचलला आणि तो किंचाळला. हात मोडलेलाच होता. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "हात मागं घे. आदी हात मागं घे. तुझ्याकडं डिग्री न्हाई, डोळे हायेत. डोळ्यानं काम कर." दुसऱ्या दिवशी सेकंदकाट्याचं घड्याळ आणून दिलंत आणि नेम घालून दिलात. अपघाताचा पेशंट आला की मी टेबलाच्या पायथ्याशी उभं राहायचं, हात पाठीमागे बांधायचे, श्वास मोजायचे आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. शिवायचं काहीच नाही. पहिले काही महिने अपमान वाटला. नंतर त्याचाच अभिमान वाटायला लागला, कारण ती जागा दुसऱ्या कुणाची नव्हती.

मग तो आला. माझ्याहून एका वर्षानं मोठा. संध्याकाळी वर तुमच्या स्वयंपाकघरात चहा व्हायचा, तेव्हा स्टुलाच्या पायाला दोरा अडकवून तुम्ही त्याला टाके घालताना मारायच्या गाठी शिकवायचात. एका हाताची, दोन हातांची, खोल पोटात बोट जात नसेल तेव्हाची. मी ओट्याशी वहिनींचा मिक्सर उघडून बसलेला असायचो. मिक्सरला काही झालेलं नसायचं. पाठ तुमच्याकडे करून मी वायरीच्या तुकड्यावर त्याच गाठी मारायचो. एकदा तुम्ही बघितलंत. "वायरीला गाठी मारून काय करायलायस रे?" तो हसला. मला तो उस्ताद म्हणायचा. म्हणाला, "साहेब, उस्ताद मिक्सरचं ऑपरेशन करायलाय." तुम्हीही हसलात. त्याच्या गाठीपेक्षा माझी गाठ घट्ट बसली होती, हे कुणी बघितलं नाही. जाताना त्याला तुम्ही तुमचं सर्जरीचं पुस्तक दिलंत, समासात तुमच्या अक्षरातल्या टिपा असलेलं. त्या पुस्तकाला दोनदा खाकी कव्हर मी घातलं होतं. पान न पान मी वाचलेलं होतं.

पण तुम्हाला लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. ट्रॉलीखाली सापडलेला माणूस तुम्हाला आठवत असेल. दुपारची वेळ, तुम्ही वर जेवायला बसलेले. कापसाची ट्रॉली उलटून तिच्याखाली आलेला तिशीतला गडी आणला. उजव्या पायाचं हाड बाहेर आलंय, टेबल रक्तानं भरलंय. तुमचा लाडका पायावर वाकून दाब देतोय, सिस्टर सलाइन लावतेय, घरचे दारात रडतायत. मी पायथ्याशी, हात मागे. पायाकडे सगळेच बघतायत म्हणून मी छाती बघतो. उजवी बाजू वर येते, खाली जाते. डावी हलत नाही. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्यात. फुटक्या फुफ्फुसातली हवा छातीत कोंडली की असं होतं, आणि हे तुमच्या पुस्तकात कुठं आहे तेही मला माहीत होतं. डाव्या पानावर, खालून तिसरी ओळ, शेजारी तुमच्या अक्षरात लिहिलेलं, 'येथे थांबू नये.'

मी तोंड उघडलं आणि मिटलं. वर तुमची खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता. आता तुम्ही हात धुणार, जिना उतरणार, आत येणार. मला वाटलं, तुमच्यासमोर सांगावं. त्याला दिसलं नाही आणि मला दिसलं, हे तुमच्या कानावर पडावं. माणूस मरावा असं मनात नव्हतं, हे खरं आहे. पण त्या वेळी तो माणूस माझ्या मनात कुठं नव्हताच, हेही तितकंच खरं. सवयीनं मी श्वास मोजत राहिलो. नीट मोजले. बासष्ट झाले. चाळिसाव्याच्या पुढे ओठ निळे पडायला लागले होते.

तुम्ही दारात आलात आणि मी म्हणालो, "साहेब, डावी छाती हलत न्हाई." तुम्ही एकदाच बघितलंत आणि जाड सुई त्याच्या हातात दिलीत. "घाल. हितं." हवा सुटल्याचा आवाज दारातल्या माणसांनाही ऐकू गेला. शिरा बसल्या, रंग परत आला. मग त्याला म्हणालात, "तू पाय बघत बसला अन् मानूस वरून चालला व्हता." आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "शाब्बास." अकरा वर्षांत एकदाच.

परवा सभागृहात जिल्ह्यातले डॉक्टर जमले होते. प्रात्यक्षिकाला माझं मशीन नेलं होतं म्हणून मी शेवटच्या रांगेत. तो स्टेजवर. पोट सुटलंय, चष्मा लागलाय, बोलणं मात्र सोनपेठचंच. म्हणाला, आमच्याकडे पेशंट आला की एक विद्यार्थी खाटेच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभा राहतो. शिवत नाही. बघतो आणि बोलतो. साहेब, डिग्री नाही म्हणून तुम्ही माझे हात बांधलेत, आणि हा डिग्री घ्यायला आलेल्यांना मुद्दाम बांधायला लावतो. माझं उणं होतं, त्याची पद्धत झाली. मी मनात म्हणत होतो, घे बाबा, हेही घे. तेवढ्यात त्यानं ट्रॉलीची गोष्ट काढली. "चुकलो मी," सगळ्यांसमोर म्हणाला. "पायथ्याच्या माणसानं दिसल्या क्षणी सांगितलं म्हणून पेशंट वाचला. त्या दिवशी ठरवलं, जन्मभर हेच काम करायचं." मग डोळ्यांवर हाताची सावली धरून मागे बघितलं. "उस्ताद, हायस का? उभा ऱ्हा की." मी उभा राहिलो. सगळे वळले. टाळ्या झाल्या.

चहाच्या वेळी जवळ आला. "वाळलास की रे, उस्ताद."

"माझ्या वाटणीचं बी तुमीच खाल्लं ना."

तो खो खो हसला. मी राखून ठेवलेलं काढलं. "तुमच्या पुस्तकात सक्शनच्या बाटलीच्या नळ्या उलट्या हायेत."

त्याचं तोंड पडेल म्हणून मी बघत होतो. त्यानं पान विचारलं, पेन काढलं, तळहातावर लिहून घेतलं. "इतकी वर्षं झाली, एकानं सांगितलं न्हाई बघ. पुढच्या आवृत्तीत तुझं नाव टाकतो." चूक त्याची, तिच्यातूनही मोठा तोच झाला. वर म्हणाला, "पोरांसमोर ये एकदा. माझं ऐकून कंटाळलेत. काय दिसलं, कधी दिसलं, कसा बोललास, तुझ्या तोंडून ऐकू दे."

मी हो म्हणालो.

तेव्हापासून हिशोब लागत नाही. मी लगेच बोललो असतो तर तुम्ही त्याला रागावला नसतात, आणि कदाचित तो आज कुठं तरी साधा दवाखाना चालवत असता. म्हणजे त्याचं सगळं माझ्या गप्प बसण्यावर उभं आहे, असं म्हणायचं का? तेवढाही वाटा मला सोडवत नाही, बघा. हे पत्र खरं तर त्याला पाठवायला पाहिजे. पण तो वाचेल, शांतपणे माफ करेल आणि पोरांना शिकवायला त्याचीही एक स्लाइड करेल. ते मला सहन व्हायचं नाही. आणि तुमच्याकडे पाठवायचं तर दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान झालंय.

गुरुवारी त्याच्या पोरांसमोर जायचं आहे. खरं तेच सांगायचं ठरवलंय, असं इथं लिहिणार होतो, पण निदान तुमच्याशी खोटं नको. तुम्ही त्या दिवशी आणखी दोन घास जेवत बसला असतात तर मी कितव्या श्वासाला बोललो असतो, ते मला आजही सांगता येत नाही. आणि परवा टाळ्या वाजत होत्या तेव्हा, साहेब, मला लय बरं वाटलं.